सामाईक फोल्डर

पानाच्या शेवटच्या ओळीत छापलं होतं: ती परत आली. पान उलटलं, तर पुढच्या पानावर सगळ्यांत वर एकटाच शब्द उभा होता: नाही.

◦

भाड्याच्या घरात ठोकलेला खिळा घरमालकाचा होतो.

◦

मोठ्या अक्षरांचं पुस्तक पोटावर ठेवून वाचता येत नाही. श्वासाला जड पडतं.

◦

"एका घरात दोन चुली नकोत" असं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात चूल पेटवलेली नसते.

◦

माणूस केळं खात असला की निरागस दिसतो.

◦

सोमवारी सकाळी दुकानातले पाचही कॉम्प्युटर एकच गोष्ट म्हणाले: फाइल सापडत नाही.

◦

थोरलीचं डोकं त्याच्याही आधी, दारातच फिरलं होतं. दुकान अक्षरजुळणीचं. लोकांची हस्तलिखितं आत यायची आणि छापखान्यात जायला तयार पानं बाहेर पडायची. आतल्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर होता आणि बाहेरचे पाच त्याच्या जिवावर चालायचे. या पाचांच्या पडद्यांवर सकाळी एकच नाव उमटायचं, बाबांचं. बाबा हयात असताना सगळे त्याच नावाने आत शिरायचे. बाबा जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याच नावाने शिरायचे. वेगळी खाती काढायला बाबांची ना होती. आज त्या जागी रांगेने नवी नावं होती: ऑपरेटर एक, ऑपरेटर दोन, तीन, चार. आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं: मालक.

तिच्या कीबोर्डवर धाकट्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. "ताई = ऑपरेटर एक."

ती चिठ्ठी तिने काढली, चुरगळली आणि गिळली नाही एवढंच. बाकी सगळं गिळलं. ऑपरेटर एक म्हणून आत शिरली, शुक्रवारी द्यायच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडलं आणि पानं पाडायला दिली. फाइल सापडत नाही. नाव तपासलं, पुन्हा दिली. फाइल सापडत नाही.

शेजारी नवी ऑपरेटर बसली होती, मागच्याच आठवड्यात कामाला लागलेली चष्मेवाली बाई. ती मान न वळवता म्हणाली, "माझ्याकडेही तेच येतंय. मला वाटलं, मी नवीन म्हणून दाखवत नसेल."

"नवीन माणसापासून माणसं लपवतात, बाई. यंत्राला एवढी अक्कल नसते."

हे बोलता बोलताच तिला बाबांचं खातं आठवलं. ती उठली.

◦

त्या फाइली काय होत्या, ते आधी सांगायला हवं.

अक्षरं मोठी केली की ओळीत शब्द कमी मावतात आणि पानावर ओळी कमी. सॉफ्टवेअर बिचारं जागा संपली की तोडतं, त्याला वाक्याच्या सुखदुःखाशी देणंघेणं नसतं. त्यामुळे एकदा आईने भिंग लावून एका कादंबरीचं पान वाचलं, "ती परत आली" इथे समाधानाने खूण घातली आणि झोपून गेली. दुसऱ्या दिवशी पान उलटलं. मग पुस्तक घेऊन जिना उतरली आणि भरल्या दुकानात म्हणाली, "तुमच्याकडे 'नाही' ठेवायला जागा नाही का? रात्रभर मी त्या बाईला घरात आणून ठेवली होती."

सगळे हसले. थोरली हसली नाही. तिने त्या आठवड्यात पहिली जोड-फाइल लिहिली. सॉफ्टवेअर बाजारातून येतं तसं सगळ्यांना सारखंच येतं. जोड-फाइल म्हणजे त्याच्या कानात सांगितलेली आपल्या घरची रीत. "नाही" एकट्याला पुढच्या पानावर ढकलायचं नाही. आकडा एका ओळीत आणि गोळ्या, चमचे, मैल दुसऱ्या ओळीत, असं करायचं नाही. बोलणाऱ्याचं नाव एका पानावर आणि बोलणं दुसऱ्यावर, असं तर कधीच नाही. एकेक रीत, एकेक पुस्तक, अकरा वर्षं. दुकानाचं नाव झालं ते याच पानांमुळे. डोळे अधू झालेली माणसं वाचनालयात विचारायची, "ते न अडखळणारं पुस्तक आहे का?" आणि ग्रंथपाल फोन करायचे. फोन धाकटा उचलायचा.

◦

जोड-फाइली ठेवायला तीन जागा असतात.

सॉफ्टवेअर काहीही शोधताना आधी स्वतःच्या खिशात बघतं, मग घरातल्या कपाटात, आणि शेवटी बाजारातून आलेल्या पेटीत. पेटी म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ फोल्डर. तिथे ठेवलेलं आज चालतं, पण पुढचं अपडेट आलं की घरमालकाने रंगकाम काढल्यासारखं तुमचं सामान रस्त्यावर. कपाट म्हणजे सामाईक फोल्डर. अपडेट त्याला हात लावत नाही आणि घरातल्या सगळ्यांना तिथलं सापडतं. घरची रीत ठेवायची खरी जागा तीच. फक्त कपाटाला कुलूप असतं. मुख्य पासवर्डाशिवाय तिथे काही ठेवता येत नाही. आणि खिसा म्हणजे ज्या नावाने आत शिरलात त्याचा स्वतःचा फोल्डर. तिथे ठेवायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

पहिली फाइल तयार झाली तेव्हा थोरलीने बाबांना सामाईक फोल्डरचा पासवर्ड मागितला होता.

"तुला कशाला?" बाबा म्हणाले.

"फाइल ठेवायला."

"माझ्या खात्यात ठेव की. सगळे तिथूनच काम करतात. घरातलं घरात. उद्या तू सासरी जाशील, पासवर्ड काय माहेरची आठवण म्हणून नेणार?"

ती सासरी गेली. दोन गल्ल्या पलीकडे. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी याच खुर्चीवर येऊन बसली. पासवर्ड दोघांकडेच राहिला, बाबांकडे आणि धाकट्याकडे.

◦

धाकटा आतल्या खोलीत फोनवर होता. "हो साहेब, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. तुम्ही निर्धास्त राहा." त्याने तिच्याकडे बघून बोट वर केलं: एक मिनिट. तिने फोनची वायर भिंतीतून काढली.

"ताई, वाचनालयाचे साहेब होते."

"बाबांचं खातं कुठे आहे?"

"काढून टाकलं. शनिवारी तू गेल्यावर आपले कॉम्प्युटर बघतो त्या केबलवाल्याला बोलावून करून घेतलं. मेलेल्या माणसाच्या नावाने किती दिवस आत शिरायचं? बाहेरची माणसं कामाला आली आहेत. बरं दिसत नाही ते."

"त्यात माझ्या फाइली होत्या."

"कुठल्या?"

थोरलीने नंतर स्वतःशी कबूल केलं, की खातं पुसल्याचा राग एक वेळ निवला असता. "कुठल्या" हा शब्द निवला नाही.

"ज्यांच्या जिवावर तू साहेबांना शुक्रवार सांगतोयस, त्या."

त्याचा चेहरा उतरला. मग उतरलेला चेहरा त्याने झटकन वर चढवला, कारण बाहेर माणसं बसली होती. "पुस्तकं दुसऱ्या डिस्कवर आहेत, ती सगळी शाबूत आहेत. मी आधी बघून घेतलं होतं. तू मला खुळा समजतेस का?"

"पुस्तकं आहेत. पानं पाडणारं गेलं."

"मग बॅकअप असेल."

मोबाइलच्या स्पीकरवर केबलवाला सापडला. बॅकअप पुस्तकांच्या डिस्कचा आहे, तो म्हणाला, खात्याचा घ्यायला त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. "आणि मॅडम, पुसताना ते विचारतं, युजरचा सगळा डेटाही काढायचा का. मी साहेबांना विचारलं. साहेबांनीच 'हो' दाबलं."

साहेबांनी फोन ठेवला.

"तू तरी त्या तिथे ठेवल्यासच कशाला?" धाकट्याचा आवाज चढला. "कुणाच्या खाजगी फोल्डरमध्ये? असल्या गोष्टी सामाईकमध्ये ठेवतात. शेंबड्या पोराला कळतं हे."

"सामाईकला पासवर्ड लागतो."

"मग मागायचा."

"मागितला होता. तू तिथेच बसला होतास, त्या स्टुलावर. केळं खात."

"मी तेव्हा लहान होतो, ताई."

"पासवर्ड मिळण्याइतका मोठा होतास."

◦

तिने न बोललेली वाक्यं, तोंडापर्यंत आली त्या क्रमाने: तुझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा याच फाइलींवर जुळवली होती. ऑपरेटर एक तुझी बायको. बाबा गेले तेव्हा दुकान तुझ्या नावावर झालं आणि मी सही केली, पेन कुणाचं होतं आठवतं का, माझंच होतं. केळ्याची साल तू स्टुलाखाली टाकली होतीस आणि ती मी उचलली. मला रडू येतंय असं तुला वाटत असेल तर ते रडू नाही. मी उद्यापासून आले नाही तर पानं कोण पाडेल, तू? तू तर छापखान्याच्या माणसाला अजून समास म्हणजे काय ते विचारतोस. शुक्रवार तुझा आहे, माझा नाही.

शेवटचं वाक्य तिला खरं करता आलं असतं. तिथून उठून घरी जायचं, बस. अकरा वर्षं गेलीच होती. धाकट्याचा शुक्रवारही जाऊ दे. पण त्या फाइली दुकानासाठी केल्या होत्या का बाबांसाठी का धाकट्यासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. त्या होत्या असं तिला हवं होतं. एवढंच हवं होतं, आणि इतक्या पोटतिडकीने, की तिला स्वतःचाही राग आला.

ती जिना चढून वर गेली.

◦

आई खिडकीपाशी बसली होती, मांडीवर पुस्तक, हातात भिंग.

"काय गं, भांडून आलीस?"

"वरपर्यंत ऐकू आलं?"

"मला दिसायला कमी आहे, थोरले. कान शाबूत आहेत. केळ्यापर्यंत ऐकू आलं."

"तुझा लॅपटॉप कुठे आहे?"

"पलंगाखाली. त्याला काय करतेस? माझ्या बहिणीची पत्रं आहेत त्यात."

दुकानातला टाकाऊ लॅपटॉप थोरलीने आईला चालू करून दिला होता. मावशीची पत्रं ईमेलने यायची आणि आईला ती मोठ्या अक्षरांत हवी असायची, म्हणून तिने आपल्या जोड-फाइली त्यावरही टाकल्या होत्या. कधी, ते तिला नीट आठवत नव्हतं. जमिनीवर बसून तिने झाकण उघडलं. होत्या. पण दोन वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात कवितांसाठी लिहिलेली रीत, ओळ न मोडता कडवं कसं राखायचं ती, यात नव्हती. ती गेली ती गेलीच.

"सापडलं?" आईने विचारलं.

"अर्धंमुर्धं."

"मग तोंड का असं? अर्धंमुर्धं तरी कुणाला मिळतं?"

"तुला राग येत नाही का गं कधी?"

"येतो की," आई पुस्तकात भिंग सरकवत म्हणाली. "पण तुमच्या खाली दुकान आहे, तिथे जाऊन ओरडता. माझ्या खाली तुम्हीच आहात."

◦

पेन ड्राइव्ह घेऊन ती खाली आली तेव्हा धाकटा तिच्याच खुर्चीजवळ उभा होता. चेहऱ्यावर सगळं सुरळीत झाल्याचा भाव. हा भाव बाबांकडून आलेला. खापर फुटलं की ते लगेच झाडू मागवायचे, दुसऱ्याकडून.

"मिळाल्या ना? चला. आता सामाईकमध्येच टाकू. आता नीट करू. हो बाजूला, पासवर्ड टाकतो."

ती बाजूला झाली. तेही तिने केलं. पेन ड्राइव्ह लावला, फाइली समोर आल्या, सॉफ्टवेअरने पासवर्ड मागितला. धाकटा वाकला, खांदे वर घेतले आणि उजव्या हाताने टाइप करू लागला. डाव्या हाताचा पंजा त्याने कीबोर्डवर आडवा धरला, उतरत्या छपरासारखा. तिच्या बाजूने.

चष्मेवाल्या बाईने ते पाहिलं आणि नजर खाली घातली. दुसऱ्या ऑपरेटरने पाहिलं. थोरलीने पाहिलं. फक्त धाकट्याने पाहिलं नव्हतं.

तिने पेन ड्राइव्ह उपटला.

"अगं! काय झालं?"

"हात."

"कुठला हात?" त्याने आपल्याच पंजाकडे बघितलं, कुणी तो तिथे विसरून गेल्यासारखं. "सवय गं. त्यात एवढं काय? बँकेतही मी असाच..."

"मी बँकेतली रांग आहे का?"

"ताई, लोक बघतायत."

"बघू दे. ऊठ माझ्या खुर्चीवरून."

"मी बसलोच नाहीये."

"मग वाकू नकोस."

ती बसली. ऑपरेटर एक या नावाचा पासवर्ड तिने बदलला, पंजाबिंजा काही न धरता, कारण तिच्या बोटांकडे बघायची त्या क्षणी कुणाची छाती नव्हती. आणि फाइली तिने त्याच नावाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकल्या. खिशात.

"म्हणजे आता फक्त तुझ्याच कॉम्प्युटरवर चालणार?" धाकटा म्हणाला.

"माझ्या नावावर. ज्याला मोठ्या अक्षरांचं पान हवं, त्याने माझ्या खुर्चीपाशी यायचं."

"हा अडवाअडवीचा धंदा आहे, ताई."

"हे इन्स्टॉलेशन आहे. इतकी वर्षं शिकत होते."

◦

खोटं कशाला बोला, तिला ते गोड लागलं. मंगळवारी बाकीचे तिन्ही ऑपरेटर आपापली प्रकरणं घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. धाकटा स्वतः आला, मजकुराची प्रत हातात धरून, आणि "ऑपरेटर एक मोकळ्या आहेत का" असं विचारून त्याने चेष्टा केली; तिने "थांबा" म्हटल्यावर तो खरोखरच थांबला. तिने मुद्दाम पाणी प्यायलं. सावकाश. बुधवारी रांग आणखी लांबली. प्रकरणं तुंबली, एकाने उभ्यानेच मजकूर तपासायला घेतला, दुसरा भिंतीला टेकून डुलक्या घेऊ लागला. थोरलीची पाठ मोडून आली, पण राग ताठ होता. रागाला पाठ नसते.

दुपारी चष्मेवाली बाई तिच्या खांद्याशी उभी होती. पानं पडताना पडद्यावर नियम सरकत होते. बाई वाकून वाचत होती, ओठ हलवत. मग म्हणाली, "ताई, हा 'नाही'चा नियम कसा लिहिलाय? जरा उघडून दाखवाल?"

"तुम्हाला कशाला?" थोरली म्हणाली.

बाई मागे सरली. "नाही, सहज," असं म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

थोरलीची बोटं थांबली. त्या दोन शब्दांची चाल, "कशाला"वरचा तो किंचित वैताग, शेवटी आवाज सोडून देणं, सगळं तयारच होतं तिच्या तोंडात. जणू कुणी इन्स्टॉल करून ठेवलं होतं आणि आज पहिल्यांदा चाललं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण ते थोबाड पुन्हा बाबांचंच निघालं असतं.

ती उठली. रांग दुभंगली.

◦

"पासवर्ड सांग," ती आतल्या खोलीच्या दारात म्हणाली.

धाकट्याने मान वर केली. दोन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले होते. "लिहून देतो."

"लिहून नको. सांग. तिथूनच, मोठ्याने, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"वेड लागलंय का? पासवर्ड कुणी ओरडून सांगतं? मग बदलावा लागेल तो."

"बदलू. सगळ्यांसमोर बदलू आणि सगळ्यांना देऊ. ज्याला काम करायचंय त्याला कपाट उघडता आलं पाहिजे. पण आधी हा सांग."

"ताई, बाबांनी मला शपथ घातली होती."

"बाबांनी मला अकरा वर्षं घातली. सांग."

बाहेर कुणी टाइप करत नव्हतं. धाकट्याने टेबलाची कड धरली आणि आकडे म्हणायला लागला, एकेक, शाळेत पाढे म्हणतात तसे, हळू, मग चढत्या आवाजात. अर्ध्यावर थोरलीला काहीतरी ओळखीचं वाटलं. शेवटाला कळलं. घरचा जुना टेलिफोन नंबर होता, उलटा. ती काळा रिसीव्हर हातात घेऊन लहानाची मोठी झाली होती त्या नंबरावर. सासरहून पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी तोच फिरवायची.

"हा?" ती म्हणाली.

"हा."

"इतक्यावर अडलं होतं?"

पहिल्यांदाच धाकट्याने खुर्ची मागे सारली आणि तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. स्वतःच्या जागेवर गेली, सामाईक फोल्डर उघडला, आकडे टाकले, फाइली त्यात ठेवल्या, सॉफ्टवेअरला सांगितलं की कपाटात काय काय आहे ते नव्याने बघून घे. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "आपापल्या जागेवर जा," ती रांगेला म्हणाली. "चालवून बघा."

एकेका कॉम्प्युटरवर पानं पडू लागली. धाकटा दारात आला.

"झालं समाधान?"

"नाही," थोरली म्हणाली.

आणि ते खरं होतं. पुस्तक शुक्रवारी गेलं, साहेब खूश झाले, फोन धाकट्यानेच उचलला. कवितांची रीत मात्र पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागणार होती. गेलेली डोक्यात जशीच्या तशी नव्हती आणि नव्याने लिहिताना प्रत्येक ओळीला तिचा संताप होत होता, की हे आपण एकदा केलेलं आहे. तिने शेजारची खुर्ची पायाने ओढली.

"या," ती चष्मेवाल्या बाईला म्हणाली. "बसा. चुकले तर टोका. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"मला कळेल का?"

"मला तरी कुठे कळत होतं?"

◦

नंबर उलटा लिहावा, हे बाबांना आईने सुचवलं होतं.